मराठीतील काळ आणि घटनांचा क्रम

मराठी भाषेत दोन किंवा अधिक घटनांपैकी कोणती आधी घडली, कोणती नंतर घडली आणि कोणत्या एकाच वेळी घडल्या, हे क्रियापदाचा काळ, धातुसाधिते आणि कालवाचक शब्द यांच्या साहाय्याने दर्शविले जाते. क्रियापदाचे रूप बदलल्यास वाक्यातील इतर शब्द तेच राहूनही घटनांचा क्रम बदलू शकतो. इतिहासलेखन, वृत्तलेखन, साक्षीदारांचे जबाब आणि भाषांतर यांत या भेदाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

शालेय व्याकरणात वर्तमान, भूत आणि भविष्य या तीन काळांचे प्रत्येकी साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार उपप्रकार मानले जातात. तथापि क्रियापदाचे रूप आणि त्यातून व्यक्त होणारा काळ नेहमी एकच असतात असे नाही. ‘तू पुढे हो, मी आलोच’ या वाक्यात रूप भूतकाळाचे असले तरी क्रिया अद्याप व्हायची आहे. म्हणून प्रत्ययांवरून ठरणाऱ्या रूपांना ‘आख्यात’ ही वेगळी संज्ञा दिली जाते. उदाहरणार्थ, ‘ल’ प्रत्यय असलेले रूप हे लाख्यात होय. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात आख्यातांचे सविस्तर विवेचन आढळते.

भूतकाळाची रूपे व क्रम

पुढील तीन वाक्यांत केवळ शेवटचे क्रियापद बदलले आहे.

१. पोलीस आले, तेव्हा चोर पळाला.
२. पोलीस आले, तेव्हा चोर पळत होता.
३. पोलीस आले, तेव्हा चोर पळाला होता.

पहिल्या वाक्यातील साध्या भूतकाळामुळे चोर पोलीस आल्यानंतर पळाला, असा अर्थ होतो. दुसऱ्यातील अपूर्ण भूतकाळ पळण्याची क्रिया त्या क्षणी चालू असल्याचे सांगतो. तिसऱ्यातील पूर्ण भूतकाळानुसार पोलीस येण्यापूर्वीच चोर निघून गेलेला आहे. जबाबात ‘होता’ हा एक शब्द गळला, तरी पोलिसांनी चोराला पाहिले की नाही, याचे उत्तर बदलते.

सलग कथनात साध्या भूतकाळातील वाक्ये ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने घटना घडल्या असे वाचक सामान्यतः गृहीत धरतो. कथन मागे न्यायचे असल्यास पूर्ण भूतकाळ वापरला जातो. उदाहरणार्थ: ‘१६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात त्यांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले होते. त्यांपैकी सिंहगड १६७० मध्ये परत घेतला.’ येथे ‘दिले होते’ या रूपाने कथन मागे गेल्याची सूचना मिळते. त्यानंतर सनांमुळे क्रम स्पष्ट असल्याने पुन्हा साधा भूतकाळ पुरेसा ठरतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होता’, ‘होते’ योजल्यास हा संकेत निष्प्रभ होतो.

पूर्ण भूतकाळाचा दुसरा उपयोग

मराठीतील पूर्ण भूतकाळ केवळ ‘आधीची घटना’ सांगत नाही. क्रियेचा परिणाम आता उरलेला नाही, हेही त्यातून सूचित होऊ शकते. ‘डॉक्टर आले आहेत’ म्हणजे ते अजून येथे आहेत; ‘डॉक्टर आले होते’ म्हणजे बहुधा ते येऊन गेले. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ या वाक्यात तुलनेसाठी दुसरी घटना नसतानाही पूर्ण भूतकाळ योग्य ठरतो, कारण बोलणारा परत आलेला आहे. त्यामुळे या रूपाचा अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.

धातुसाधिते

मराठीत घटनाक्रम दाखविण्याचे काम बऱ्याच अंशी धातुसाधिते करतात.

- ‘-ऊन’: ‘आई स्वयंपाक करून बाहेर गेली.’ आधीची क्रिया दाखविते. दोन्ही क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच असतो; मात्र ‘पाऊस पडून चिखल झाला’ अशा कार्यकारणदर्शक वाक्यांत कर्ते भिन्न असू शकतात. ‘तो हसून म्हणाला’ येथे मात्र क्रम नसून रीत व्यक्त होते.
- ‘-ल्यावर’, ‘-ल्यानंतर’: ‘आई गेल्यावर मुले खेळू लागली.’ कर्ते भिन्न असतानाही वापरता येते.
- ‘-ताच’, ‘-ल्याबरोबर’: ‘घंटा वाजताच वर्ग रिकामा झाला.’ दोन घटनांत अंतर जवळजवळ नसते.
- ‘-ण्यापूर्वी’, ‘-ण्याआधी’: ‘पाऊस सुरू होण्यापूर्वी पेरणी झाली.’ क्रम या शब्दानेच स्पष्ट होत असल्याने ‘झाली होती’ असे म्हणणे अनिवार्य नसते.
- ‘-त असताना’: ‘तो जेवत असताना वीज गेली.’ एक क्रिया चालू असताना दुसरी घडते.

नकारार्थी वाक्ये

हाच भेद नकारातही टिकतो. ‘पाहुणे आले, तेव्हा आम्ही जेवलो नाही’ याचा अर्थ त्या वेळी जेवण टाळले असा होतो. ‘आम्ही जेवलो नव्हतो’ याचा अर्थ तोपर्यंत जेवण व्हायचे होते.

अप्रत्यक्ष कथन व भाषांतर

इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यास गौण वाक्यातील क्रियापदही सामान्यतः भूतकाळात जाते. मराठीत गौण वाक्यातील काळ मूळ बोलण्याच्या क्षणाला धरून राहतो: ‘तो आजारी आहे, असे त्याने सांगितले.’ बोलण्याच्या वेळी तो आजारी होता, हे यातून कळते. इंग्रजीच्या अनुकरणाने ‘तो आजारी होता, असे त्याने सांगितले’ असे लिहिल्यास आजारपण सांगण्यापूर्वीच संपले होते, असा अर्थ निघतो. वृत्तांच्या भाषांतरात या फरकामुळे अर्थाचा विपर्यास होऊ शकतो.

ऐतिहासिक वर्तमानकाळ

होऊन गेलेल्या घटना डोळ्यांसमोर उभ्या करण्यासाठी वर्तमानकाळी रूपे वापरली जातात. उदाहरणार्थ, ‘१६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटतात आणि राजगडावर परततात.’ अशा कथनात मागची घटना पूर्ण वर्तमानकाळाने (‘पोहोचले आहेत’) किंवा ‘आधी’, ‘तत्पूर्वी’ यांसारख्या शब्दांनी दर्शविता येते. एकाच परिच्छेदात कारणाशिवाय वर्तमान आणि भूतकाळ यांची सरमिसळ झाल्यास घटनांचा क्रम संदिग्ध होतो.