गोळी गिळली का?

अमेरिकेत 'लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स' म्हणजे एलपीएन व्हायला साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम करून एनसीएलईएक्स-पीएन ही परीक्षा द्यावी लागते. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात अशा नर्सलाच एलव्हीएन म्हणतात. हीच नर्स तुरुंगात कामाला लागली की शिकलेलं सगळं उपयोगी पडतं, फक्त क्रम बदलतो. आधी मोजणी, मग रुग्ण.

पाळी बदलताना दोघी नर्सेस समोरासमोर सुया, कात्र्या आणि नियंत्रित औषधांच्या गोळ्या मोजतात, सह्या करतात. एक सुई कमी भरली तरी शोधाशोध सुरू होते.

मग 'पिल लाइन'. कैदी रांगेने खिडकीशी येतात. ओळखपत्र तपासायचं, नाव आणि नंबर औषधांच्या तक्त्याशी ताडायचा, गोळी कागदी पेल्यात द्यायची. पाणी प्यायल्यावर तोंड उघडायला सांगायचं. जीभ वर, गाल बाजूला, पेलाही रिकामा दाखवायचा. गालात गोळी दडवण्याला तिथे 'चीकिंग' म्हणतात. गॅबापेंटिन, क्वेटियापिनसारख्या गोळ्यांना आत गिऱ्हाईक असतं. दुबळ्या कैद्याकडून त्या धमकावून काढून घेतल्या जातात. कुणी जीव द्यायला साठवतो, ही धास्ती वेगळीच. म्हणून काही गोळ्या कुटून पाण्यातून देतात. पण दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं, तेव्हा सरसकट कुटूनही चालत नाही. इन्हेलरसारख्या गोष्टी बऱ्याच ठिकाणी कैद्याजवळच ठेवू देतात.

इन्सुलिनचं गणित त्याहून अवघड. टोचून झालं आणि तेवढ्यात लॉकडाउन लागून जेवण अडकलं, तर साखर उतरणार. अशा वेळी अधिकाऱ्यामागे तगादा लावून ताट आणवणं हेही नर्सचंच काम.

दुखलंखुपलं तर कैदी चिठ्ठी टाकतो. नावाजलेल्या मानकांप्रमाणे ती मिळाल्यापासून 24 तासांत त्याला समोरासमोर भेटायला हवं. एलपीएन रक्तदाब, नाडी, तक्रार टिपते. निदान तिचं काम नाही. नेमकी हद्द प्रत्येक राज्याची वेगळी. 'नाटक करतोय' हा शेरा इथे फार स्वस्त आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातकही. ताज्या अटकेतला माणूस थरथरतोय, घामाघूम झालाय, तो सोंग करत नसेल. दारू अचानक सुटल्याचा तो झटका असेल, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

कैद्याला उपचार मिळण्यामागचा कायद्याचा आधार 1976 चा. टेक्सासातल्या गॅम्बल या कैद्याच्या अंगावर कापसाची गासडी पडली, उपचार नीट झाले नाहीत म्हणून त्याने खटला भरला. गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षा ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने 'एस्टेल विरुद्ध गॅम्बल'मध्ये सांगितलं. डॉक्टरविरुद्धचा गॅम्बलचा स्वतःचा दावा मात्र टिकला नाही.

औषध नको म्हणण्याचा हक्क कैद्यालाही आहे. तो नकार नर्सने त्याच्या तोंडून ऐकून, परिणाम समजावून, सही घेऊन नोंदवायचा असतो. 'तो येत नाही म्हणतोय' हा अधिकाऱ्याचा निरोप तिथे पुरेसा धरत नाहीत.