कायदा पोचायच्या आधीचं गाव : वेस्टर्न चित्रपट कोणते पाहावेत आणि का

मागच्या व्याख्यानात मात्स्यन्यायाचा विषय निघाला होता. दंड धरणारा कोणी नसला की मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही महाभारताच्या शांतिपर्वातली आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली कल्पना. व्याख्यान संपल्यावर काही जणांनी विचारलं, सर, हे पुस्तकाबाहेर कुठे बघायला मिळेल का? आम्ही म्हटलं, मिळेल की, वेस्टर्न सिनेमात. मंडळी हसली. घोडे, टोप्या, पिस्तुलं, आणि त्यात तत्त्वज्ञान? तर आज त्याबद्दल बोलू. शेवटी काय काय पाहायचं त्याचा क्रमही देऊ.

आधी वेस्टर्न म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनं सांगितलं, की आता देशात सरहद्द अशी उरली नाही. बहुतेक वेस्टर्न या पंचवीस वर्षांत घडतात. वस्ती आधी पोचली आहे, कोर्ट आणि पोलीस मागून येताहेत. जॉन लॉकनं सतराव्या शतकात राज्यसंस्थेच्या आधीची अवस्था समजावून सांगताना अमेरिकेचाच दाखला दिला होता. हॉलिवूडनं पुढे तीच जागा घेतली आणि तिथे कॅमेरा लावला, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्यापैकी कोणी वेस्टर्न पाहिलाच नाही असं समजू नका. 'शोले' पाहिलाय ना? १५ ऑगस्ट १९७५ ला आला. त्यात ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग सर्जिओ लिओनीच्या १९६८ मधल्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची आठवण करून देतो. गावानं भाड्यानं लढवय्ये आणायचे, ही कल्पना कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'मधून १९६० च्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये आणि तिथून आपल्याकडे आली. पण आम्हाला 'शोले'ची आठवण निराळ्याच कारणासाठी करून द्यायची आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार करतो. सेन्सॉरला ते चाललं नाही. आणीबाणीचे दिवस, आणि ठाकूर तर माजी पोलीस अधिकारी. मग शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण देतात आणि ठाकूर थांबतो. मूळ शेवट असलेली प्रत २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन्ही शेवट एकामागून एक पाहा. सगळ्या वेस्टर्नचा वाद त्या दोन मिनिटांत आहे : ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच शिक्षा द्यावी का?

आता एक गोष्ट, जी नागपूरच्या माणसानं टाळून पुढे जाणं बरं नव्हे. १३ ऑगस्ट २००४. सिव्हिल लाइन्समधलं आपलं जिल्हा न्यायालय. अक्कू यादव नावाच्या आरोपीला पोलिसांनी हजर केलं होतं. खून, खंडणी आणि बलात्काराचे आरोप असलेल्या या माणसानं कस्तुरबानगरला वर्षानुवर्षं दहशतीखाली ठेवलं होतं. वस्ती गरिबांची, बहुतेक दलित कुटुंबांची. त्या दिवशी जमावानं, त्यात मुख्यतः बायका, त्याला कोर्टाच्या खोलीतच ठार केलं. आम्ही वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, कोणी ऐकलं नाही, असं त्या बायकांचं म्हणणं होतं. खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. यावर २०२१ मध्ये '२०० हल्ला हो' हा चित्रपट आला. त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू आहेत. २०२२ मध्ये एक माहितीपट मालिकाही आली.

या घटनेवर दोन उत्तरं ताबडतोब मिळतात. चहाच्या टपरीवर मिळतं ते, 'बरं केलं'. आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यात मिळतं ते, 'कायदा हातात घेणं चूकच'. दोन्ही उत्तरं विचार न करता देता येतात, म्हणून आम्हाला दोन्ही नकोशी वाटतात. वेस्टर्न पाहायचे ते यासाठी, की चांगला वेस्टर्न यातलं कुठलंच उत्तर तुम्हाला सुखासुखी देऊ देत नाही.

पहिला चित्रपट दुसऱ्या उत्तराच्या बाजूचा. 'द ऑक्स-बो इन्सिडेंट', १९४३, दिग्दर्शक विल्यम वेलमन, प्रमुख भूमिकेत हेन्री फोंडा. जेमतेम सव्वा तासाचा. नेवाडा, १८८५. बातमी येते की एका पशुपालकाचा खून झाला. शेरीफ गावात नाही. न्यायाधीश नको नको म्हणतो, पण त्याचं कोण ऐकणार! जमाव निघतो, रात्री तीन परके सापडतात, पहाटे फाशी. मधे मत घेतलं जातं. थांबू या, यांना कोर्टापुढे नेऊ या, म्हणणारे निघतात सात. बाकी सगळे एका बाजूला. पुढे काय कळतं ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्याचा खून झाला म्हणत होते तो जिवंत आहे. पण आमच्या मते चित्रपटाचं बळ या कलाटणीत नाही. ते जमावातल्या चेहऱ्यांत आहे. कोणाला कंटाळा आलाय, कोणाला मर्दपणा सिद्ध करायचाय, कोणाला फक्त एकटं पडायचं नाही. सूडाची खरी गरज असलेला माणूस त्या गर्दीत शोधून सापडायचा नाही. लॉक म्हणतो ना, राज्यसंस्था नसताना शिक्षेचा अधिकार प्रत्येकाला असतो, पण अडचण ही की जो तो आपल्याच खटल्यात न्यायाधीश होतो. वेलमन म्हणतो, अडचण त्याहून मोठी आहे. इथे माणसं दुसऱ्याच्या खटल्यात न्यायाधीश होतात, तेही पुरावा न बघता. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात मुलं पळवणारे समजून किती निरपराध माणसं मारली गेली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार केलं. 'ऑक्स-बो' पाहताना राईनपाडा आठवल्याशिवाय राहात नाही.

पण कस्तुरबानगर म्हणजे राईनपाडा नव्हे, हेही तितकंच स्पष्ट म्हणायला हवं. तिथे जमाव बलवान नव्हता, परका कोणी सापडलेला नव्हता, आणि कायदा तर हाकेच्या अंतरावर होता. लॉकच्याच तिसऱ्या प्रकरणात एक जागा आहे जिच्याकडे परीक्षेच्या तयारीत कोणी बघत नाही. तो म्हणतो, दाद मागायचं दार उघडं असूनही न्याय उघड उघड विकृत करून नाकारला जात असेल, तर ती युद्धाचीच अवस्था. म्हणजे कायदा नसणं ही एक गोष्ट, आणि कायदा असून तुमच्यासाठी नसणं ही दुसरी. या दुसरीवर जे वेस्टर्न आहेत ते अधिक खोल आहेत.

'हाय नून', १९५२, फ्रेड झिनेमन. मार्शल केन, म्हणजे गॅरी कूपर, याचं आजच लग्न झालंय, नोकरी सोडून तो निघालाय. तेवढ्यात कळतं की त्यानं तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला आणि बाराच्या गाडीनं येतोय. चित्रपटाची लांबी पंच्याऐंशी मिनिटं आणि कथेचा वेळही साधारण तेवढाच. घड्याळं सारखी दिसत राहतात. केन मदत मागत फिरतो. न्यायाधीश पहिला पळतो. जाताना तो भिंतीवरचा झेंडा उतरवतो, न्यायाचा तराजू आणि कायद्याची पुस्तकं खोगिराच्या पिशवीत कोंबतो. हा प्रसंग आम्ही वर्गात किती तरी वेळा सांगितला असेल. मग चर्चमध्ये सभा भरते. तिथे एक प्रतिष्ठित गृहस्थ मोठं छान भाषण करतात : केननं गावासाठी खूप केलं, पण रस्त्यात गोळीबार झाला तर बाहेरून येणारं भांडवल बिचकेल, तेव्हा त्यानं निघून जावं हेच बरं. ऐका ते भाषण. आपल्याकडल्या कुठल्याही मान्यवरांच्या तोंडी चपखल बसेल.

पटकथाकार कार्ल फोरमन याला चित्रीकरण चालू असतानाच अमेरिकन काँग्रेसच्या समितीनं कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून बोलावलं होतं. मित्र दूर झाले, त्याला इंग्लंड गाठावं लागलं. केनचं एकटेपण कुठून आलंय ते यावरून कळतं. जॉन वेनला हा चित्रपट अजिबात आवडला नाही. त्यानं आणि हॉवर्ड हॉक्सनं १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला तो उत्तर म्हणूनच. मजेदार आहे, गाणीसुद्धा आहेत. पण उत्तर म्हणून आम्हाला पटत नाही. आणि हो, केनच्या बायकोकडे लक्ष ठेवा. ग्रेस केली. क्वेकर पंथाची, हिंसेला कायमचा नकार देणारी. शेवटी ती काय करते आणि नंतर तिचा चेहरा कसा होतो, ते पाहा.

जॉन फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स', १९६२. वकील रॅन्सम स्टॉडर्ड, म्हणजे जेम्स स्टुअर्ट, कायद्याची पुस्तकं घेऊन शिनबोन नावाच्या गावी येतो. वाटेतच लिबर्टी व्हॅलन्स त्याला झोडपतो आणि पुस्तकं फाडतो. दुसऱ्या बाजूला टॉम डोनिफन, जॉन वेन : इथे पिस्तुलाखेरीज काही चालत नाही म्हणणारा. पुढे गावात कायदा येतो, निवडणूक होते, वकीलसाहेब सेनेटर होतात. व्हॅलन्सला गोळी नेमकी कोणी घातली हे आम्ही सांगणार नाही, पाहा म्हणजे कळेल. एवढंच म्हणू की कायद्याच्या इमारतीच्या पायात एक गोष्ट पुरलेली आहे, आणि ती उकरू नये असं सगळ्यांनाच, वर्तमानपत्राच्या संपादकालासुद्धा, वाटतं.

यात शाळेचा एक प्रसंग आहे. वकील गावकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवतोय. पॉम्पी नावाचा कृष्णवर्णीय गडी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल बोलायला उभा राहतो आणि नेमका समतेच्या शब्दांपाशी अडखळतो, त्याला ते आठवत नाहीत. वकील म्हणतो, बऱ्याच जणांना तेवढंच आठवत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात या प्रसंगाचा अर्थ आम्ही काय समजावून सांगणार!

एकच पाहणार असाल, तर मात्र 'अनफरगिव्हन', १९९२, क्लिंट ईस्टवुड. दिग्दर्शक तोच, नायकही तोच. सव्वादोन तासांच्या आसपास. बिग व्हिस्की गावात एक गिऱ्हाईक एका वेश्येच्या चेहऱ्यावर सुरीचे वार करतो. शेरीफ लिटल बिल, म्हणजे जीन हॅकमन, तडजोड करतो : गुन्हेगारांनी घोडी आणून द्यावीत. कोणाला? तिला नाही, दारूच्या गुत्त्याच्या मालकाला. त्याच्या मालाची खराबी झाली ना! तेव्हा त्या बायका साठवलेले पैसे एकत्र करतात आणि हजार डॉलरचं बक्षीस लावतात.

इथपर्यंत आपण पूर्णपणे बायकांच्या बाजूनं असतो, आणि आमचं मत विचाराल तर असायलाच हवं. मग ईस्टवुड हिशेब उघडतो. बातमी गावोगाव जाते तसतशा तिच्या जखमा वाढत जातात. आधी मरतो तो दोघांतला तरुण, ज्याचा गुन्हा कमी होता, आणि तो पाणी मागत हळूहळू मरतो. ज्यानं कोणालाच मारलं नाही त्या नेडला, मॉर्गन फ्रीमनला, शेरीफ चाबकानं मारून टाकतो. बायकांची तक्रार खरी होती, आणि तिची किंमत मोजणारी माणसं बरीचशी दुसरीच होती. चित्रपट ही दोन्ही विधानं शेवटपर्यंत एकत्र धरून ठेवतो. 'त्यांनी तसं करायला नको होतं' असं म्हणायची सोय आपल्याला ठेवत नाही, कारण शेरीफनं त्यांच्यासाठी दुसरा कुठला रस्ता ठेवला होता ते आपण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच पाहिलेलं असतं.

टीव्हीबद्दल थोडक्यात. 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, ६३५ भाग. सगळे पाहायला निवृत्तीसुद्धा पुरायची नाही. सुरुवातीचे, अर्ध्या तासाचे, कृष्णधवल भाग निवडा. मार्शल डिलनला बऱ्याच वेळा विजयाचा आनंद होत नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य. 'बोनान्झा' घरच्यांबरोबर जेवताना चालेल. खरी मालिका 'डेडवुड', २००४ ते २००६, ३६ भाग. शिव्या इतक्या की नातवंडं खोलीत असताना लावू नका. डेडवुड ही सोन्याच्या शोधात आलेल्यांची छावणी करारानं सू जमातीच्या असलेल्या जमिनीवर बेकायदा वसली होती. १८७६ मध्ये तिथे वाइल्ड बिल हिकॉकला जॅक मॅकॉलनं पाठीमागून गोळी घातली. खाणवाल्यांच्या कोर्टानं त्याला सोडलं. पुढे यँक्टनला ठरलं की त्या छावणीत कायदाच नव्हता, मग तो निकाल तरी कसला? नव्यानं खटला चालला आणि मॅकॉलला फाशी झाली.

जमिनीवरून आठवलं. बहुतेक जुने वेस्टर्न तिथल्या मूळ लोकांना टेकडीवरून ओरडत येणारा धोका म्हणूनच दाखवतात. फोर्डचा 'स्टेजकोच', १९३९, चित्रभाषेसाठी पाहावा, पण हे डोक्यात ठेवून. त्याचाच 'द सर्चर्स', १९५६, निदान त्या द्वेषाला नायकाच्या आत बसलेला रोग म्हणून दाखवतो. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं. तेव्हा 'इथे आधी कोणी नव्हतं' या कथेवर आपण तरी सहज विश्वास ठेवू नये.

तर क्रम असा. आधी 'ऑक्स-बो', मग 'हाय नून', मग 'लिबर्टी व्हॅलन्स', आणि 'अनफरगिव्हन' शेवटी, कारण आधीचे पाहिल्याशिवाय तो अर्धाच कळतो. लिओनीचे 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' वगैरे रविवारी दुपारी खुशाल पाहा. त्यात कायद्याचा प्रश्नच नाही, पैशाचा आहे. पुढच्या वेळी लॉक घेणार आहोत. दुसऱ्या ट्रीटिझचं दुसरं आणि तिसरं प्रकरण वाचून या, दोन्ही छोटी आहेत.