जलतरणपटूची शरीरयष्टी : सराव आणि आहार

जलतरणाच्या स्पर्धा पाहून परतणाऱ्या तरुणांच्या मनावर बहुधा एकच चित्र ठसलेले असते. रुंद खांदे, सडपातळ कंबर आणि पोटावर मेदाचा लवलेशही नाही! २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा पणजीच्या कांपाल तलावावर हे दृश्य अनेकांना जवळून पाहावयास मिळाले. कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांनी तेथे ५० मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक मिळवून निवृत्ती जाहीर केली, आणि स्त्रियांच्या त्याच शर्यतीत त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे पहिल्या आल्या. ही शर्यत अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. तिच्यामागे मात्र वर्षानुवर्षांचा सराव आणि पोटभर अन्न असते. यांपैकी दुसरी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. अंग लवकर सडपातळ व्हावे म्हणून काही मुले-मुली रात्रीचे जेवण सोडतात, भात वर्ज्य करतात, तर काहीजण भुकटीचे महागडे डबे विकत आणतात. असे केल्याने शरीर घडण्याऐवजी खचते.

प्रथम हे शरीर घडते कसे, ते पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. त्यामुळे पोहताना हाताच्या प्रत्येक वल्ह्यास अडथळा होतो, आणि वेग दुप्पट केल्यास हा अडथळा जवळजवळ चौपट होतो. हात पुढे लांबवून पाणी मागे रेटण्याचे काम मुख्यतः पाठीचे रुंद स्नायू, खांदे व दंड करतात, तर शरीर पाण्यावर आडवे व सरळ राखण्याचे काम पोट आणि कंबर करतात. हेच स्नायू पुढे उठून दिसतात. तथापि शरीराच्या ठेवणीत निसर्गाचाही वाटा असतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदके मिळविणारे अमेरिकेचे मायकेल फेल्प्स यांची उंची १९३ सेंटिमीटर, तर पसरलेल्या हातांची लांबी २०१ सेंटिमीटर. अशी हाडे व्यायामाने मिळत नाहीत. लांब हातांची माणसे या खेळात पुढे जातात, म्हणून ती आपल्याला तलावावर दिसतात. शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे, म्हणजे आरशापुढची निष्कारण निराशा टळेल.

आपल्या खेड्यांत पोहणे नवे नाही. पाठीला सुके भोपळे किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून विहिरीत उतरण्याची रीत जुन्या पिढीला परिचित आहे. अशा रीतीने शिकलेल्यांचा दम चांगला असतो, परंतु बहुतेकजण डोके पाण्याबाहेर ठेवून पोहतात. डोके वर आले की पाय खाली जातात व अर्धी शक्ती वाया जाते. म्हणून चेहरा पाण्यात ठेवणे, पाण्यात श्वास सोडणे आणि मान कुशीवर वळवून श्वास घेणे, एवढे प्रथम साधावे. यास एक-दोन महिने लागले तरी हरकत नाही.

त्यानंतर आठवड्यातून तीन ते चार दिवस, प्रत्येकी पाऊण तास पोहणे नवशिक्यास पुरे. प्रथम अंग मोकळे करण्यासाठी २०० ते ४०० मीटर सावकाश पोहावे. मग ५० मीटरच्या आठ फेऱ्या, दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा मिनिट विसावा घेऊन, जोमाने माराव्यात. पुढे हातात फळी धरून केवळ पाय मारण्याचा सराव करावा आणि शेवटी पुन्हा २०० मीटर संथ पोहावे. तासभर एकाच संथ गतीने पोहण्यापेक्षा अशा तुटक पण जोमदार फेऱ्यांनी वेग अधिक वाढतो. स्पर्धेतील जलतरणपटू एका वेळेस पाच-सहा किलोमीटर पोहतात. तेथे आपण घाई करू नये. जमिनीवरील व्यायामासाठी सूर्यनमस्कार, जोर, बैठका आणि आडव्या दांड्याला लोंबकळून अंग वर उचलणे एवढे साहित्य तालमीत आहेच. मात्र खांदा सतत दुखू लागल्यास तो व्यायाम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण खांद्याची दुखापत हे या खेळातील नेहमीचे दुखणे आहे.

सरावाच्या जागेविषयी एक सूचना येथेच द्यावीशी वाटते. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी पावसाळ्यात पाण्याने भरतात व शांत तळ्यासारख्या दिसतात. त्यांचे काठ उभे कापलेले असल्याने दमलेल्या माणसास वर येण्यास आधार सापडत नाही, आणि आत किती खोली आहे हे वरून कळत नाही. अशा खाणीत उत्तम पोहणाऱ्यानेही उतरू नये. अन्यत्रही एकट्याने पोहू नये.

आता आहाराविषयी. जोमाने पोहणाऱ्या ६० किलो वजनाच्या तरुणास तासाला साधारण ३५० ते ६०० उष्मांक खर्चावे लागतात. ते प्रामुख्याने पिष्टमय पदार्थांतून येतात, म्हणून भात सोडणे हा उपाय नव्हे. उकड्या तांदळाची पेज, पोदेराची पोयी, नाचणीची भाकरी हे पदार्थ खेळाडूस उत्तमच. स्नायूंच्या झिजेची भरपाई प्रथिनांनी होते. नियमित सराव करणाऱ्यास शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्या ६० किलोच्या तरुणास दिवसाला ७२ ते १२० ग्रॅम. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, दीडशे ग्रॅम बांगडा किंवा तारल्यांतून सुमारे २८, शंभर ग्रॅम डाळ अथवा अळसांदे यांतून २२ ते २४, दोन पेले दुधातून १२ ते १३ आणि दिवसभराच्या भात-भाकरीतून आणखी वीसेक ग्रॅम मिळतात. बेरीज शंभराच्या आसपास जाते. शाकाहारी मुलांनी मासळी व अंड्यांऐवजी शेंगदाणे, कुळीथ, दही व मोड आलेली कडधान्ये वाढवावीत. मग डब्यातील भुकटीची गरज कोठे उरते? शिवाय अशा भुकट्यांत कधी कधी निषिद्ध द्रव्यांची भेसळ आढळते, आणि उत्तेजक चाचणीत दोष निघाल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते.

फेल्प्स दिवसाला १२,००० उष्मांक खातात, असे २००८ साली वर्तमानपत्रांतून गाजले होते. तो आकडा फुगवलेला असल्याचे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले. तेव्हा अशा वार्तांवरून आपले ताट ठरवू नये.

पोहण्यापूर्वी दोन-तीन तास आधी जेवावे. पहाटे उतरायचे असल्यास एखादे केळे पुरेसे आहे. पाण्यातही घाम येतो, पण तो जाणवत नाही, म्हणून तलावाच्या काठी पिण्याच्या पाण्याची बाटली असावी. पोहून झाल्यावर तासाभरात नीट जेवावे. त्या वेळी भूक कडाडून लागते आणि तळलेल्या पदार्थांकडे हात जातो, त्याऐवजी ताक-भात किंवा उसळ-पोयी तयार असलेली बरी.

मुलींच्या बाबतीत पालक व शिक्षिकांनी विशेष दक्ष राहावे. सराव वाढला आणि खाणे कमी राहिले, तर शरीर प्रथम इतर कामांवरचा खर्च कापते : मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, सर्दी-पडसे वारंवार होते, वेग वाढण्याऐवजी घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधील या अवस्थेकडे लक्ष वेधले, आणि ती मुलांतही उद्भवते असे नमूद केले. पाळी तीन महिने चुकणे ही सरावाची पावती आहे, असा समज कोठे असल्यास तो दूर करावा. अशा मुलीचा सराव कमी करून आहार वाढवावा, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे व रक्तातील लोहाचे प्रमाण तपासून घ्यावे.