सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर यांच्या कारकिर्दींची तुलना

सुनील मनोहर गावसकर (जन्म : १० जुलै १९४९, मुंबई) आणि सचिन रमेश तेंडुलकर (जन्म : २४ एप्रिल १९७३, मुंबई) हे भारताच्या क्रिकेट इतिहासातील दोन अग्रगण्य फलंदाज होत. कसोटी क्रिकेटमध्ये १०,००० धावांचा टप्पा प्रथम गाठणारे फलंदाज गावसकर होते; आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये शंभर शतके करणारे पहिले फलंदाज तेंडुलकर ठरले. दोघेही मुंबईच्या शालेय क्रिकेटमधून पुढे आले. तरीही एक सलामीचा फलंदाज होता आणि दुसरा कसोटीत मधल्या फळीत खेळत असे. दोघांच्या काळातील भारतीय संघाच्या गरजाही भिन्न होत्या. त्यामुळे केवळ एकूण धावा मोजून केलेली तुलना अपुरी पडते.

== सिंधुदुर्गाशी संबंध ==

गावसकर कुटुंब मूळचे वेंगुर्ल्याचे. तेंडुलकर हे आडनाव कुडाळ तालुक्यातील तेंडोली या गावावरून आले असे मानले जाते. तेंडुलकर यांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांचा जन्म मालवणचा. त्यांच्या आडनावातील आचरा हे गाव मालवण तालुक्यात आहे. रोजगारासाठी व शिक्षणासाठी मुंबईत स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांनी शहरातील मैदानी क्रिकेटला अनेक खेळाडू आणि प्रशिक्षक दिले. प्रस्तुत दोन्ही कारकिर्दी या परंपरेशी जोडलेल्या आहेत. तेंडुलकर यांनी २०२३ साली आपला पन्नासावा वाढदिवस सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, भोगवे परिसरात साजरा केला.

== जडणघडण ==

गावसकर यांचे बालपण ताडदेव येथील चिखलवाडीत गेले. शिक्षण सेंट झेवियर्स हायस्कूल व पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. त्यांचे मामा माधव मंत्री हे भारताचे कसोटी यष्टिरक्षक होते, त्यामुळे उच्च दर्जाचे क्रिकेट त्यांना घरातच जवळून पाहता आले.

तेंडुलकर यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. वांद्रे येथील साहित्य सहवास या वसाहतीत सचिन वाढले. थोरले बंधू अजित यांनी त्यांना शिवाजी पार्कवर आचरेकर यांच्याकडे नेले आणि पुढे ते शारदाश्रम विद्यामंदिरात दाखल झाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत त्यांनी विनोद कांबळी यांच्यासह ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तीत तेंडुलकर यांच्या नाबाद ३२६ आणि कांबळी यांच्या नाबाद ३४९ धावा होत्या. प्रतिस्पर्धी संघ सेंट झेवियर्स हायस्कूल, म्हणजे गावसकर यांचीच शाळा होती.

हे दोघे भारतासाठी एकत्र कधीच खेळले नाहीत. गावसकर १९८७ च्या विश्वचषकानंतर निवृत्त झाले. तेंडुलकर यांनी १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराची येथे कसोटी पदार्पण केले. दोन कारकिर्दींमध्ये अवघ्या दोन वर्षांचे अंतर होते.

== गावसकर यांची कारकीर्द ==

गावसकर यांनी ६ मार्च १९७१ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पण केले. बोटाच्या दुखापतीमुळे मालिकेतील पहिली कसोटी ते खेळू शकले नव्हते. उरलेल्या चार कसोट्यांत त्यांनी १५४.८० च्या सरासरीने ७७४ धावा केल्या. त्यांत चार शतके होती. अखेरच्या कसोटीत १२४ आणि २२० अशी दोन्ही डावांत शतकी खेळी झाली. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये प्रथमच मालिका जिंकली.

त्यानंतरची सोळा वर्षे ते प्रामुख्याने सलामीला खेळले. त्यांच्या ३४ कसोटी शतकांपैकी ३३ सलामीची आहेत. उरलेले एक म्हणजे डिसेंबर १९८३ मधील मद्रास कसोटीतील नाबाद २३६. त्या डावात ते चौथ्या क्रमांकावर उतरणार होते, मात्र ते खेळपट्टीवर आले तेव्हा दोन गडी बाद झाले होते आणि धावफलकावर शून्य होते. हे त्यांचे तिसावे शतक. त्याद्वारे त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा २९ शतकांचा विक्रम मागे टाकला.

चौथ्या डावातील त्यांच्या खेळी विशेष उल्लेखल्या जातात. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने ४०३ धावांचे लक्ष्य गाठले, त्यात त्यांचा वाटा १०२ धावांचा होता. १९७९ साली ओव्हल येथे ४३८ धावांचा पाठलाग करताना त्यांनी २२१ धावा केल्या. भारत ८ बाद ४२९ पर्यंत पोहोचला आणि सामना अनिर्णित राहिला.

एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्यांचा जम उशिरा बसला. १९७५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्यांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा केल्या, आणि त्या खेळीवर आजही टीका होते. या प्रकारातील त्यांचे एकमेव शतक ऑक्टोबर १९८७ मध्ये नागपूर येथे न्यूझीलंडविरुद्ध झाले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघात ते होते.

== तेंडुलकर यांची कारकीर्द ==

पदार्पणाच्या वेळी तेंडुलकर सोळा वर्षांचे होते. पहिले कसोटी शतक त्यांनी ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टर येथे केले. नाबाद ११९ धावांच्या त्या खेळीने भारताचा पराभव टळला. १९९२ मध्ये पर्थच्या वेगवान खेळपट्टीवर त्यांनी ११४ धावा केल्या. कसोटीतील त्यांच्या ५१ शतकांपैकी ४४ चौथ्या क्रमांकावरील आहेत.

२७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे ते एकदिवसीय सामन्यात प्रथमच सलामीला आले आणि ४९ चेंडूंत ८२ धावा करून गेले. त्यांची एकदिवसीय कारकीर्द येथून बदलली. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेर येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील हे पहिले द्विशतक होय. २०११ च्या विश्वविजेत्या संघात ते होते. १६ मार्च २०१२ रोजी मीरपूर येथे त्यांनी शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक पूर्ण केले. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे स्टेडियमवर २०० वी कसोटी खेळून ते निवृत्त झाले. भारतरत्न मिळवणारे ते पहिले खेळाडू आहेत.

गावसकर यांच्या ३४ कसोटी शतकांची बरोबरी त्यांनी डिसेंबर २००४ मध्ये ढाका येथे केली. ३५ वे शतक त्यांनी एका वर्षाने, डिसेंबर २००५ मध्ये दिल्ली येथे श्रीलंकेविरुद्ध झळकावले.

== आकडेवारी ==

| बाब | गावसकर | तेंडुलकर |
|---|---|---|
| कसोटी सामने | १२५ | २०० |
| कसोटी डाव | २१४ | ३२९ |
| कसोटी धावा | १०,१२२ | १५,९२१ |
| कसोटी सरासरी | ५१.१२ | ५३.७८ |
| कसोटी शतके | ३४ | ५१ |
| परदेशातील कसोटी शतके | १८ | २९ |
| सर्वोच्च धावसंख्या (कसोटी) | नाबाद २३६ | नाबाद २४८ |
| एकदिवसीय सामने | १०८ | ४६३ |
| एकदिवसीय धावा | ३,०९२ | १८,४२६ |
| एकदिवसीय शतके | १ | ४९ |

एकूण धावांतील अंतर मोठे दिसत असले, तरी कसोटीत ते मुख्यतः सामन्यांच्या संख्येतून आलेले आहे. गावसकर यांनी सरासरी ६.३ डावांमागे एक शतक केले, तर तेंडुलकर यांनी सुमारे ६.५ डावांमागे. दोघांचीही निम्म्याहून अधिक शतके परदेशात झाली. खरा फरक एकदिवसीय क्रिकेटमध्ये आहे. तेथे तेंडुलकर यांच्याशी गावसकर यांची तुलना होऊ शकत नाही.

== तुलनेतील अडचणी ==

=== फलंदाजीचा क्रमांक ===

सलामीच्या फलंदाजाला नवा कठीण चेंडू आणि ताज्या दमाचे वेगवान गोलंदाज यांना तोंड द्यावे लागते. गावसकर यांनी हे काम बहुतांश काळ हेल्मेटविना केले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी केवळ डोक्याला बसणारे छोटे कवच वापरले. चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला काही वेळा जुना चेंडू मिळतो, परंतु लवकर पडझड झाल्यास त्यालाही नव्या चेंडूला सामोरे जावे लागते आणि फिरकीविरुद्ध डावही उभारावा लागतो.

=== प्रतिस्पर्धी गोलंदाजी ===

वेस्ट इंडीजविरुद्धची १३ शतके हा गावसकर यांच्या थोरवीचा पुरावा म्हणून नेहमी सांगितला जातो. त्यांचे वर्गीकरण केल्यास चित्र काहीसे बदलते. चार शतके १९७१ मधील आहेत. तेव्हा वेस्ट इंडीजची प्रसिद्ध वेगवान चौकडी घडलेली नव्हती. आणखी चार १९७८–७९ मधील आहेत. त्या वेळी कॅरी पॅकर यांच्या मालिकेमुळे त्यांचे प्रमुख खेळाडू संघात नव्हते. दोन शतके १९७६ मधील, तर तीन १९८३ मधील आहेत. या शेवटच्या तीन शतकांच्या वेळी समोर माल्कम मार्शल आणि मायकेल होल्डिंग होते. हे तपशील त्यांचे श्रेय नाकारत नाहीत, परंतु १३ हा आकडा एकजिनसी नाही हे दाखवतात.

तेंडुलकर यांना वसीम अक्रम, वकार युनूस, ॲलन डोनाल्ड, ग्लेन मॅकग्रा, शेन वॉर्न, मुथय्या मुरलीधरन आणि डेल स्टेन अशा विविध प्रकारच्या गोलंदाजांविरुद्ध खेळावे लागले. त्या काळातील सर्वांत बलाढ्य संघ असलेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांची ११ कसोटी शतके आहेत.

=== सामन्याचा निकाल ===

गावसकर यांच्या ३४ शतकांपैकी ६ विजयात, ६ पराभवात आणि २२ अनिर्णित सामन्यांत झाली. तेंडुलकर यांच्या ५१ पैकी २० विजयात, २० अनिर्णित सामन्यांत आणि ११ पराभवात झाली. यावरून तेंडुलकर यांची शतके अधिक उपयुक्त होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कसोटी जिंकण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे वीस गडी बाद करावे लागतात. १९७८ साली कपिल देव येईपर्यंत भारताकडे भेदक वेगवान गोलंदाज नव्हता. अशा संघासाठी परदेशात अनिर्णित राखलेला सामना हेच अनेकदा यश असे. तेंडुलकर यांना अनिल कुंबळे, हरभजन सिंग, जवागल श्रीनाथ आणि झहीर खान यांची साथ मिळाली.

एकट्या फलंदाजाच्या मर्यादा दोन सामन्यांतून स्पष्ट होतात. मार्च १९८७ मध्ये बंगळूर येथे गावसकर यांनी आपल्या अखेरच्या कसोटी डावात फिरकीला प्रचंड साथ देणाऱ्या खेळपट्टीवर ९६ धावा केल्या. २२१ धावांचे लक्ष्य असताना भारत १६ धावांनी हरला. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नई येथे पाठदुखी सोसत तेंडुलकर यांनी १३६ धावा केल्या. २७१ धावांचे लक्ष्य असताना भारत १२ धावांनी हरला. दोन्ही वेळा प्रतिस्पर्धी पाकिस्तान होता आणि दोन्ही वेळा ते बाद झाल्यावर उरलेल्या फलंदाजांना विजय मिळवता आला नाही.

=== अन्य खेळांतील उदाहरण ===

अमेरिकी बास्केटबॉलमध्ये बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन या दोन उंचपुऱ्या खेळाडूंविषयी असाच वाद चालत आला आहे. चेंबरलेन यांनी १९६१–६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले, तर रसेल यांच्या संघाने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे पटकावली. ते दोघे एकाच स्थानावर, एकाच काळात आणि परस्परांविरुद्ध खेळले, तरीही वैयक्तिक गुण मोठे की संघाचा विजय, या प्रश्नावर एकमत झाले नाही. गावसकर आणि तेंडुलकर यांच्याबाबतीत स्थान आणि काळ दोन्ही वेगळे असल्याने निर्णय अधिकच कठीण होतो.

== नेतृत्व ==

गावसकर यांनी ४७ कसोट्यांत नेतृत्व केले. त्यांपैकी ९ जिंकल्या, ८ गमावल्या आणि ३० अनिर्णित राहिल्या. १९८५ साली ऑस्ट्रेलियातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भारताने त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकली. तेंडुलकर यांच्या नेतृत्वाखालील २५ कसोट्यांत ४ विजय, ९ पराभव आणि १२ अनिर्णित सामने आहेत. या बाबतीत गावसकर सरस मानले जातात.

== वारसा ==

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी मालिका १९९६ पासून बॉर्डर–गावसकर करंडकासाठी खेळली जाते. या करंडकाच्या पहिल्या सामन्यात, दिल्ली येथे, भारताचे कर्णधार तेंडुलकर होते आणि भारत विजयी झाला. २०२५ मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यातील मालिकेला अँडरसन–तेंडुलकर करंडक हे नाव देण्यात आले.

तेंडुलकर शालेय क्रिकेट खेळत असताना गावसकर यांनी त्यांना आपले हलके पॅड दिले होते आणि पत्र लिहून प्रोत्साहन दिले होते. भारतीय फलंदाज जगातील कोणत्याही वेगवान माऱ्यासमोर दीर्घकाळ उभा राहू शकतो, हे गावसकर यांनी सिद्ध केले होते. त्यामुळे तेंडुलकर यांच्या पिढीला सामना वाचवण्यापलीकडे, तो जिंकण्याचा विचार करता आला. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, याचे उत्तर निकषानुसार बदलते : सलामीच्या फलंदाजीचा निकष लावल्यास गावसकर, तर दीर्घायुषी कारकीर्द आणि दोन्ही प्रकारांतील प्रभुत्व पाहिल्यास तेंडुलकर पुढे ठरतात.