टाके निघाल्यानंतर

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराजवळच्या गल्ल्यांतून, शस्त्रक्रिया होऊन कोणी घरी आले की ती वार्ता लपून राहत नाही. शेजारीपाजारी जमतात आणि टाके निघाल्याचे ऐकून निश्चिंत होतात. शरीराचा हिशेब मात्र तेवढ्याने मिटलेला नसतो.

शस्त्रवैद्याची सुरी हितकर्त्याची की हल्लेखोराची, हे शरीराला उमगत नाही. जखमेकडे पांढऱ्या पेशी धावतात, सूज येते. हा वणवा सर्वत्र पसरू नये म्हणून शरीरच तो विझवू लागते; कॉर्टिसॉल वाढते, लिम्फोसाइट पेशींची रक्तातील संख्या घटते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस प्रतिकारशक्ती अशी मंदावलेली असते, आणि नेमकी त्याच दिवसांत भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते! खोकला असलेल्याने दारातूनच विचारपूस केलेली बरी. रोग्याला नुसत्या पेजेवर ठेवण्याची चालही घातकच. जखम भरून येण्यास डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने लागतात.

ही उणीव बहुधा काही दिवसांत भरून निघते. एक शस्त्रक्रिया मात्र अशी आहे, की तिची उणीव जन्मभर राहते. छत्तीसगडात, तसेच विदर्भातही, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ आढळतो. त्यात काही मुलांची प्लीहा, म्हणजे पांथरी, एकाएकी फुगते आणि अंगातील रक्त स्वतःतच कोंडून धरते. असे वारंवार घडल्यास ती काढून टाकावी लागते. मूल वाचते, पण रक्तातील जंतू गाळणारी चाळणी गेलेली असते. एके काळी प्लीहा नसली तरी अडत नाही, असेच मानले जाई. १९५२ साली किंग आणि शूमॅकर या अमेरिकन वैद्यांनी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना झालेल्या भीषण जंतुसंसर्गाची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा हा समज डळमळला.

म्हणूनच आता, शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर, न्यूमोकोकस आदी जंतूंविरुद्धच्या लशी निदान दोन आठवडे आधी टोचतात. लहान मुलांना पुढे पेनिसिलीनही देतात. तरीही धोका सर्वस्वी जात नाही. अशा मुलाला दहा वर्षांनंतर ताप आला, तरी सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे आणि प्लीहा काढली आहे, हे डॉक्टरांना सर्वांआधी सांगावे.