सुरतेचा समुद्र कोणी राखायचा?

सप्टेंबर १६९५. हजयात्रेकरूंना घेऊन 'गंज-ए-सवाई' सुरतेकडे परतत होतं. जहाज खुद्द औरंगजेबाचं. त्यावर तांबड्या समुद्रातल्या व्यापाराचं सोनं-रुपं होतं आणि मोगल इतिहासकार खाफीखानाच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशी तोफाही होत्या. सुरत आठ-नऊ दिवसांवर असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याचं ४६ तोफांचं 'फॅन्सी' आडवं आलं. लढाईला तोंड लागतं न लागतं तोच मोगली जहाजावरची एक तोफ फुटून तीन-चार माणसं गेली. चाच्यांच्या गोळ्याने डोलकाठी जायबंदी झाली. कप्तान इब्राहिमखान जहाजाच्या पोटात पळाला आणि मोख्यात विकत घेतलेल्या दासींना पागोटी बांधून त्यांनाच लढायला पुढे केलं, असं खाफीखान लिहितो. मग आठवडाभर लूट आणि छळ चालला. अत्याचार टाळण्यासाठी काही बायकांनी समुद्र जवळ केला. जहाजावरच्या सोन्या-रुप्याचा आकडा खाफीखान ५२ लाख रुपये देतो. त्याआधीच सुरतेच्या अब्दुल गफूर या बड्या सावकाराचं जहाजही एव्हरीने लुटलं होतं.

एवढ्या धनाढ्य बादशहाला आपलंच जहाज का राखता आलं नाही? सुरतेचा जमिनीकडचा बंदोबस्त वाढत गेला होता. पोर्तुगीजांनी शहर जाळल्यावर गुजरातच्या सुलतानाच्या काळात, १५४० नंतर, खुदावंदखानाने तापीकाठी किल्ला बांधला. १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान त्याच किल्ल्यात दडून बसला, म्हणून पुढे शहराभोवती विटांचा तट उठला. मात्र तापीच्या मुखाबाहेर, सुवाळीच्या खाडीपलीकडे, बादशहाचं स्वतःचं आरमार नव्हतं. समुद्राची राखण जंजिऱ्याच्या सिद्दीकडे सोपवलेली आणि त्याचा तनखा सुरतेच्या महसुलातून. सिद्दीचं सारं लक्ष कोकणातल्या मराठ्यांशी चाललेल्या झुंजीकडे. मक्केच्या वाटेवर कोण उभं राहणार?

बादशहा त्या वेळी भीमाकाठी ब्रह्मपुरीच्या, म्हणजे मंगळवेढ्याजवळच्या माचणूरच्या छावणीत होता. इकडे सुरतेत लोक खवळले. सुभेदार इतिमादखानाने ईस्ट इंडिया कंपनीचा सॅम्युअल ॲनस्ले आणि वखारीतल्या इंग्रजांना बेड्या घातल्या. हिशेब सरळ होता: चाचे तुमच्या मुलखाचे, तर जाब तुम्ही द्या. टोळीच्या मागे लागून हाती काही येत नाही, तेव्हा ती ज्यांच्या आसऱ्याने वाढते त्यांचा व्यापार आवळायचा. आजची राष्ट्रंही निर्बंध लादताना हेच करतात. दबाव लागूही पडला. कंपनीने यात्रेच्या जहाजांना सोबत देण्याचं कबूल केलं; लंडनमध्ये एव्हरीच्या पाच साथीदारांना १६९६ मध्ये फाशी झाली. एव्हरी मात्र सापडलाच नाही. १६९८ मध्ये तर चाचे पकडण्याची राजसनद घेऊन निघालेल्या विल्यम किडनेच 'केदा मर्चंट' हे जहाज लुटलं. पुन्हा मोगलांचं दडपण आलं आणि डच, इंग्रज, फ्रेंच अशा तिघांनी समुद्र वाटून घेऊन राखणीचे करार लिहून दिले.

मोगलांची चूक इथे आहे. जाब विचारणं रास्तच होतं. पण त्याच वेळी स्वतःची गलबतं बांधायला हवी होती. शिवाजी महाराजांनी फार मोठ्या दौलतीशिवाय आरमार उभं केलं होतं, म्हणजे ते अशक्य नव्हतं. सुरतेत पैसा होता, सुतार होते, खलाशी होते. तरी राखण भाड्यानेच राहिली. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, सिद्दीकडचं आरमारपद आणि त्याचा वर्षाला दोन लाखांचा तनखाही घेतला. १८०० मध्ये सुरतेच्या नवाबाने कारभारच त्यांच्या हवाली केला.

आज भारताचं नौदल आहे, १९७७ पासून तटरक्षक दल आहे, तरी नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवली, तिच्यावरच्या खलाशांना मारलं आणि मुंबई गाठली. त्यानंतर नौदलावर किनाऱ्याची एकत्रित जबाबदारी आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली. तरीही सागरी पोलिसांच्या गस्ती बोटी मनुष्यबळ आणि इंधनाअभावी उभ्या राहत असल्याचे ताशेरे महालेखापालांनी मारले आहेत. हजिऱ्यासारख्या ठिकाणी नदीच्या तोंडाशीच वायूचं टर्मिनल आणि कारखाने उभे आहेत. अनोळखी बोट तिथे सगळ्यात आधी तांडेलाच्या नजरेला पडते. त्याला नुसतं ओळखपत्र देऊन भागणार नाही. रोज चालणारा बिनतारी संच, दिलेल्या खबरेची पोच आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई सरकारने त्याला द्यावी, आणि ठाण्यातल्या बोटीत डिझेल भरावं.