पसरणी घाटाचं चित्रीकरण : सकाळ ते रात्र

पहाटे ५ : हेल्मेटच्या हनुवटीवरचं माउंट कालच चिकटवलंय. चिकटपट्टीला नीट धरायला चोवीस तास लागतात. आता ओढून खात्री करते. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू मारायचा नाही. पडलोच तर माउंट निसटून जावं, डोकं हेल्मेटनं सांभाळावं.

५.३० : सेटिंग. फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ३० फ्रेमवर ती लुकलुक चित्रात उतरू शकते, २५ वर जुळून जाते. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का, नाहीतर सावलीतून उन्हात येताच डांबराचा रंग बदलतो. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे तासाला ४५ जीबी, म्हणून व्ही३० दर्जाची दोन कार्डं सोबत.

६.१५ : कात्रज. सरळ महामार्गावर कॅमेरा बंदच. बॅटरी घाटासाठी राखायची.

८.३० : वाई. चहा होईपर्यंत ऊन चढतं. शटर १/५० ठेवलं की कडेची झाडं किंचित ओघळतात आणि वेग जाणवतो, पण एवढ्या उजेडात त्यासाठी लेन्सवर एनडी१६ फिल्टर हवाच. रस्ता खडबडीत असेल तर शटर १/२००. हादरे स्टॅबिलायझेशन सावरतं, फ्रेममध्ये उमटलेला पुसटपणा मात्र त्याला काढता येत नाही.

९ : पसरणी घाट. वळणावर चालवणाऱ्याची मान आधी वळते, गाडी मागून. हनुवटीवरचा कॅमेरा मानेबरोबर वळतो आणि वळण कसं वाचायचं तेच दाखवतो. घाटासाठी माझी पहिली पसंती म्हणूनच हनुवटी. दुसऱ्या फेरीला कॅमेरा खाली क्रॅश गार्डवर, सेफ्टी दोरीसह. जमीन जवळ आली की तोच वेग दुप्पट भासतो. इथे क्षितिज सरळ ठेवणारी सोय बंद करते, कारण गाडीचं झुकणं दिसायला हवं. मोबाइल मात्र हँडलवर लावून शूट करत नाही. मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलनं २०२१ मध्येच दिलाय.

११ : पाचगणी. फुटेज तपासते, मग कॅमेरा बंद. उभ्या गाडीवर वारा लागत नाही, कॅमेरा तापतो. माइक हेल्मेटच्या आत, गालाच्या पॅडमागे सरकवते. बाहेर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

दुपारी ४ : परतीला खंबाटकीचा बोगदा. फिल्टर आधीच काढते, शटर ऑटोवर, आयएसओची मर्यादा १६००. बोगद्यात शिरल्यावर काही बदलता येत नाही.

रात्री ८ : फुटेज दोन ठिकाणी उतरवलं की मगच कार्ड रिकामं.

नव्यानं शूट करणाऱ्यांना एकच सांगणं आहे. चालत्या गाडीवर कॅमेऱ्याचं बटण चाचपू नका. काही बदलायचं असेल तर कडेला थांबा, साइड स्टँड लावा, इंजिन बंद करा. शॉट हुकला तर पुन्हा फेरी मारता येते.